प्रेमलाताईंचा कान

"आधी कानाला मफ लावा, ताई."

"लावल्यावर ऐकू कसं यायचं?"

"ऐकायचं कशाला? समोर मशीनवर आकडा दिसतोय ना!"

"तो आकडा? शेजारी वेल्डिंग सुरू झालं की नाचायला लागतो तो. त्याच्या भरवशावर राहिले असते तर निम्मा माल गटारात गेला असता."

"गटारात नाही ना गेला. बाटल्यांत गेला. तेच सांगतेय मी कधीची."

प्रेमलाताईंनी मशीनचं बटण दाबलं. शेडमधली किंचाळी एकदम थांबली, आणि अशा अचानक शांततेत माणसं जशी एकमेकांकडे बघतात तशा त्या दोघी बघत राहिल्या. एक पंचेचाळिशीची, निळ्या एप्रनवर पदर खोचलेली. दुसरी नुकतीच बीएस्सी झालेली, जाड चष्म्याची मनवा. मायक्रोस्कोपशी बसून माल तपासायचं काम तिचं.

"काय म्हणालीस?"

"कालच्या बॅचचा थेंब मी पुन्हा बघितला. गोळे आहेत, पण मध्ये मध्ये पीठ आहे. एकदम बारीक. चुंबक लावला की गोळे सरकतात, पीठ जागचं हलत नाही."

"धूळ असेल काचेवर."

"धूळ प्रत्येक थेंबात कशी येईल?"

"मग तुझ्या चष्म्यावर असेल."

मनवा हसली नाही. एरवी या टोमण्यावर ती हटकून हसायची.

"ताई, त्या बॅचला तुम्ही हात वर केला नव्हता."

"कारण हवा शिरली नव्हती. शिरली असती तर मला कळलं असतं. आजवर कळलंय का नाही?"

"आजवर कळलंय," मनवा म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

प्रेमलाताईंनी उत्तर म्हणून मशीन पुन्हा सुरू केलं.

नगरच्या नागापूर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, दोन फॅब्रिकेशनवाल्यांच्या मध्ये हे शेड अंग चोरून उभं आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत मसाले कुटत असतील. आत तयार होतात दवाखान्याच्या कामाचे चुंबकी गोळे. गोळे म्हणायचं आपलं. चिमटीत पकडायला गेलात तर बोटाला नुसती काजळी लागेल. पातळ द्रावकात पॉलिमर विरघळवायचा, त्यात लोखंडाची काळी शाई मिसळायची आणि ते सगळं पाण्यात ओतून त्यात प्रोब बुडवायचा. प्रोब म्हणजे टायटॅनियमची बोटाएवढी दांडी. ती इतक्या वेगानं थरथरते की डोळ्यांना स्थिरच दिसते, पण तिच्या टोकाशी त्या काळ्या द्रावणाच्या ठिकऱ्या उडतात. ठिकऱ्यांचे थेंब होतात, द्रावक उडून गेलं की थेंबाचा घट्ट गोळा होतो, पोटात लोखंड घेऊन.

पुण्याची एक कंपनी हे गोळे रक्ततपासणीच्या किटमध्ये घालते. रक्तात आजाराची खूण असली तर ती गोळ्यांना चिकटते. नळीला बाजूनं चुंबक लावला की गोळे खुणेसकट एका कडेला गोळा होतात, उरलेलं ओतून द्यायचं आणि कडेला जमलेलं तपासायचं. पण पिठाच्या पोटात लोखंड पुरेसं नसतं. पीठ चुंबकाला दाद देत नाही. ते ओतलेल्या पाण्याबरोबर निघून जातं, जाताना चिकटलेली खूणही घेऊन जातं, आणि रिपोर्टवर येतं, काही आढळलं नाही. शेडचे मालक सुहास सर यांनी पहिल्याच दिवशी प्रेमलाताईंना हे समजावलं होतं. बाकीची रसायनं त्यांच्या डोक्यावरून गेली. एवढं मात्र पक्कं बसलं: पीठ झालं, तर आजारी माणसाला आपण धडधाकट म्हणून घरी पाठवणार.

पीठ होतं ते हवेमुळं. प्रोबचं टोक जरा वर आलं की ते पाण्याबरोबर हवा ओढतं, आत फेस होतो. भांड्याला झाकण असतं, द्रावण काळंकुट्ट, त्यामुळं फेस दिसायची सोय नाही. पण ऐकू येतो.

"हे अल्ट्रासाउंड," सर पाहुण्यांना सांगत, "म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज." आणि मशीन सुरू करत. पाहुणे दोन्ही कानांत बोटं घालत. मूळ थरथर ऐकू येत नाही हे खरंच, पण तिनं पाण्यात जे बुडबुडे फुटतात ते स्टीलच्या ताटावर खिळा ओढल्यासारखे ओरडतात. त्या ओरडण्याच्या वर अगदी बारीक, ताणलेली अशी एक तार असते. हवा शिरली की पहिल्यांदा ती तार तुटते, खालचा गोंगाट नंतर बदलतो. तार सुहास सरांनीच शोधून काढली होती. ते सावेडीत लहानाचे मोठे झाले, घरात हार्मोनियम, कान तयार. सुरुवातीला मशीनपाशी तेच उभे राहत. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं, म्हणून त्यांनी भांडी धुणाऱ्या प्रेमलाताईंना बोलावलं. मशीनच्या आवाजबंद पेटीचं दार किलकिलं ठेवायला लावलं, कानावरचे मफ काढायला लावले आणि म्हणाले, "वर ऐका. अजून वर. ती बारीक... आली?"

"आली!" प्रेमलाताई म्हणाल्या होत्या. लहान मुलीसारख्या.

राळेगणच्या अलीकडच्या एका वाडीतून लग्न होऊन त्या नगरला आल्या. आधी औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंग, मग इथं भांडी. कुणी कधी त्यांना काही विचारलं नव्हतं. आता दर बॅचला सगळं शेड त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचं. हात वर गेला की बॅच ओतून द्यायची, कुणी वाद घालायचा नाही. हात खाली राहिला की मनवानं एक थेंब बघायचा आणि बाटल्या भरायच्या. मापाची खरी तपासणी पुण्याच्या एका लॅबमध्ये होते, पण तिथं नमुना क्वचित जायचा. "प्रेमलाताईंनी ऐकलंय ना? मग झालं," असं सर म्हणत, आणि हे ऐकलं की ताईंची मान आपोआप ताठ व्हायची. बोल्हेगावच्या चाळीत बायका त्यांना विचारायच्या, "काय काम करता वो तुमी?" तर त्या म्हणायच्या, "ऐकते."

त्या संध्याकाळी घरी आल्या तेव्हा टीव्ही ठणाणत होता. नवरा हनुमंत फॅब्रिकेशनमध्ये ग्राइंडर धरतो, त्याला कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत.

"आवो, बारीक करा की ते! शेजारच्यांना फुकट शिरेल दाखवताय का?"

"आँ?"

"बारीक करा म्हनलं!"

"बारीकच हाय!"

सासूबाई भागूबाई कॉटवर गोधडी पांघरून पडल्या होत्या. अंग कोमट लागलं म्हणून प्रेमलाताईंनी त्यांच्या काखेत थर्मामीटर सरकवलं आणि शेजारी टेकल्या. डोक्यात मनवाचं पीठ होतं. काय मेली पोरगी. दोन बुकं काय शिकली. काल तार ऐकली होती आपण. ऐकली होती ना? दुपारची बॅच. जेवून आल्यावरची. खालचा गोंगाट आठवत होता. वरचं...

"आगं काढ की ते," भागूबाई म्हणाल्या.

"थांबा आत्याबाई, वाजू द्या."

"वाजलं ना!"

"कुठं वाजलं?"

"आगं कवाधरनं वाजतंय, टी टी टी टी! माझ्या काखंत रातकिडा बसल्यावानी."

प्रेमलाताईंनी थर्मामीटर काढलं. काचेत आकडा येऊन थांबलेला. त्यांनी ते पुसलं, स्वतःच्या काखेत घातलं आणि उठून टीव्ही बंद केला. हनुमंत ओरडला. त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं.

"आत्याबाई, वाजलं का सांगा मला."

"मला का ताप हाय का तुला?"

"सांगा तर!"

खोलीत शांतता. खालून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज आला, नळाचं ठिबकणं आलं, हनुमंतच्या नाकाचा आवाज आला.

"हां, बग, वाजलं," भागूबाई म्हणाल्या.

प्रेमलाताई हलल्या नाहीत.

"आगं वाजलं म्हनते ना! न्हाई ऐकू येत तुला? पावसाळ्यात बी असंच. मला हिवताप आलता तवा ती कांडी काखंत ठिवून तू भाकरी थापत बसलीस. वराडले तरी तुझं आपलं 'वाजू द्या, वाजू द्या'. मला वाटलं, सून मुद्दाम करती."

"पावसाळ्यात?"

"व्हय की. तवा बी न्हाई, आता बी न्हाई."

हनुमंत हसायला लागला. "चला, जोडी जमली आपली! आता घरात आईच तेवढी ऐकणारी."

"हसू नका!" प्रेमलाताई एवढ्या जोरात म्हणाल्या की भागूबाई उठून बसल्या. "हसू नका वो. माझं काम हाय ते."

"आगं कान हाय, वय झालं की जायचाच. माझा न्हाई का गेला? मी काय मेलो?"

"तुमच्या ग्राइंडरनं कुनाचा रिपोर्ट चुकत न्हाई."

त्याला काही समजलं नाही. त्याला समजावं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं असतं, पण त्यासाठी आधी ते स्वतःला सांगावं लागलं असतं. त्या ओट्याकडे गेल्या. कुकर लावला, शिटी ऐकू आली, तेवढ्यानंच छाती हलकी झाली. मग मोबाईल चार्जिंगला लावला. लावल्यावर तो टिंग करतो. करत होता. आता करतो का? वायर काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढली. भाजी खाली लागल्याचा वास आला तेव्हा त्या अजून वायर हातात धरूनच उभ्या होत्या.

"टिंग केलं का?" त्यांनी हनुमंतला विचारलं.

"मला काय इचारती? मी तर ठार बहिरा!"

सकाळी शेडच्या दारात टेम्पो लागलेला होता. बाटल्यांची खोकी भरून तयार, वरच्या खोक्यावर चिकटपट्टी मारायची तेवढी राहिलेली. दोन आठवड्यांचा माल पुण्याला निघाला होता. सर अजून यायचे होते.

प्रेमलाताईंनी मनवाला कोपऱ्यात घेतलं.

"एक काम कर माझं. कुणाला बोलू नको."

"काय?"

"साबणाच्या पाण्याचं भांडं लाव. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहते. तू प्रोब बुडव, आणि मग तुला वाटेल तेव्हा वर घे. थोडाच. हवा ओढेल एवढाच."

"आणि?"

"आणि मला कळलं की मी हात वर करीन."

मनवानं चष्मा काढून पुसला. "ताई, मी काल जरा जास्तच बोलले का?"

"लाव गं भांडं."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, तिच्यावर त्यांनी नजर रोवली. मागं मशीन सुरू झालं. खालचा गोंगाट ओळखीचा, घरच्यासारखा. त्या वर ऐकू लागल्या. अजून वर. तिथं तार असायची. तिथं आता काय होतं? काहीतरी होतं. बारीक, न संपणारं. ही तारच की. आहे की! त्यांचा जीव भांड्यात पडला. बघ म्हणावं मनवे, आहे.

वेळ गेला. त्यांना वाटलं, पोरगी घाबरतेय, वर घेतच नाहीये. मग वाटलं, घेतला असेल. हात कोपरातून उचलला, परत खाली गेला. नाही, तार चालू आहे. चालू आहे ना? मशीन थांबलं. गोंगाट थांबला.

तार थांबली नाही.

मशीन बंद होतं आणि ती बारीक, न संपणारी तार त्यांच्या डोक्यात वाजतच होती. ती मशीनची नव्हतीच. कधीपासून त्या स्वतःच्याच कानातली शीळ ऐकून हात खाली ठेवत होत्या, देव जाणे.

त्या वळल्या. मनवाच्या हातात भांडं होतं आणि भांड्यावर पांढरा फेस काठोकाठ आला होता. मनवाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कधी घेतलास वर?"

"सुरू केल्या केल्याच," मनवा म्हणाली. "ताई, मला वाटलं तुम्ही माझी गंमत करताय."

तेवढ्यात सुहास सर आत आले, गाडीची किल्ली बोटात फिरवत. "अरे, पट्टी नाही मारली अजून? ड्रायव्हर खोळंबलाय. चला चला, प्रेमलाताई, ती खोकी..."

"सर, माल नेऊ नका."

"का? लेबल चुकलं?"

"मला ऐकू येत नाही."

सर हसले. "आज दिसतंय खरं ते! मी म्हटलं, खोकी..."

"वरची तार, सर. ती ऐकू येत नाही मला. आत्ता मनवाकडून करून बघितलं. सगळा फेस झाला, माझा हात गेला नाही वर."

किल्ली फिरायची थांबली. सरांनी मनवाकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, मग उगीचच टेम्पोकडे.

"सर्दी झालीये का? कधी कधी सर्दीनं..."

"सर्दी नाही."

"बरं. बरं, ठीक आहे. घाबरू नका. डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर. दोन दिवस मी उभा राहतो मशीनवर. एखादा दिवस वाईट जातो माणसाचा, ताई, त्यात..."

"पावसाळ्यापासून."

"काय?"

"पावसाळ्यापासून कान जात असावा. निदान. सासूबाईंमुळं कळलं. त्याच्या आधी किती, ते माहीत नाही."

सर स्टुलावर बसले. शांत, भला माणूस. कुणावर आवाज चढवला असेल असं कुणाला आठवत नाही. आताही त्यांनी चढवला नाही, पण शब्द एकेक करून, जड काहीतरी उचलल्यासारखे आले. "पावसाळ्यापासूनचे सगळे लॉट तुम्ही ऐकलेत."

"व्हय."

"आणि मफ? मफ का नव्हते लावत? मी आणून दिलेत ना? त्यासाठीच आणलेत ना ते? कारखान्यात मफ असतात कशाला?"

मनवाच्या तोंडून "सर..." निघालं, पण प्रेमलाताईंनी हातानं तिला अडवलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मफ काढून ऐका, असं मला कोणी शिकवलं, सर?"

शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर लागला.

"मी काही तुमच्यावर घालत नाही," प्रेमलाताई म्हणाल्या. "मला आवडायचं ते. तुम्ही मफ लावा म्हणाला असता तरी मी काढले असते. कामावरून काढायचं तर काढा, मी परत भांडी घासते, नाहीतर घरी बसते. ते बघू नंतर. आधी ही खोकी उतरवा."

"ही उतरवतो," सर म्हणाले. "ही थांबवता येतील. काहीतरी सांगता येईल."

"आणि गेलेली?"

"गेलेली म्हणजे?"

"जी आधी गेली ती. दवाखान्यात पोचली असतील. कुणाकुणाचं रक्त त्यात..." काल रात्री जेवताना त्यांना सारखं वाटत होतं की कुठल्या तरी गावात कुणी बाई हातात रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरतेय, चेहरा उजळलेला, नवऱ्याला फोन करून सांगतेय, काही निघालं नाही बरं का. त्या बाईला काही तोंड नव्हतं. तेच वाईट होतं. ती कुणीही असू शकली असती.

"प्रेमलाताई, सगळ्याच बॅच खराब असतील असं नाही. दहात एखादी असेल. कदाचित एकही नसेल. कंपनीसुद्धा तपासते आपल्या परीनं."

"मग विचारा त्यांना, तपासली का."

"विचारलं की ते विचारणार, का विचारता? काय सांगू मी त्यांना?" सरांच्या कपाळावर घाम आला होता. "की आम्ही एका बाईच्या कानावर माल पास करत होतो? एवढा मायक्रोस्कोप, एवढं मशीन, आणि शेवटी हात वर का खाली? हे सांगू? हे शेड उद्या राहील? ही मनवा राहील, तुम्ही राहाल?"

"नाही राहणार," प्रेमलाताई म्हणाल्या. "पण तसंच करत होतो ना आपण. तसंच सांगा."

"एवढं सोपं नाहीये ते."

"सोपं म्हणत नाही मी. मला रात्री घास उतरला नाही. तुम्हालाही नाही उतरायचा, मी ओळखते तुम्हाला."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, लांबलचक, कंटाळलेला. तो प्रेमलाताईंना नीट ऐकू आला.

"साहेब, भरायचं का उतरवायचं, एकदा सांगून टाका ना!" त्यानं ओरडून विचारलं.

मनवानं खाली मान घातली. प्रेमलाताई सरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, अगदी जवळ, त्यांचे ओठ दिसतील एवढ्या.

"सर, पुण्याला फोन करताय ना तुम्ही? माझ्यासमोर करा. मला सगळं ऐकू आलं नाही तरी चालेल, मी बघीन तुमच्याकडं. करताय ना?"

सुहास सर उठले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी हातात धरला, त्याच्या काळ्या काचेकडे क्षणभर बघितलं, आणि प्रेमलाताईंच्या बाजूनं वाट काढून, टेम्पोवाल्याकडे न बघता, ते शेडच्या बाहेर चालत गेले.